हेतूचा प्रथमपुरुष : १८९७ मधील काही संहितांच्या निमित्ताने

१

कृतीचे मूल्यमापन कर्त्याच्या हेतूवरून करावे की तिच्या परिणामांवरून, हा प्रश्न सामान्यतः नीतिशास्त्राचा मानला जातो. साहित्यसमीक्षेत तो वेगळ्या रूपात येतो. लेखकाला काय म्हणायचे होते, यावरून साहित्यकृतीचा अर्थ आणि तिचे मूल्य ठरवावे काय, असे तेथे त्याचे रूप असते. लेखकाचा हेतू निकष म्हणून उपलब्धही नसतो आणि इष्टही नसतो, ही विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांची १९४६ मधील भूमिका आपल्या विद्यापीठीय समीक्षेत चांगलीच रुजली. मात्र तिच्यामुळे एक गोष्ट काहीशी दुर्लक्षित राहिली. लेखकाचा हेतू संहितेबाहेर ठेवला, तरी संहितेच्या आत हेतूची भाषा चालूच असते. माणसे आपल्या कृत्यांविषयी लिहितात तेव्हा ती हेतूंचे निवेदन करतात. हे निवेदन कोण करतो, कोणासमोर करतो, त्यात परिणामांना कोणते स्थान मिळते, हे प्रश्न संहितेचेच आहेत. म्हणून ते समीक्षेच्या कक्षेत येतात.

चांगल्या हेतूने केलेल्या कृतीचा परिणाम वाईट झाला, तर त्या हेतूला काही किंमत उरते काय, या जुन्या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखात या बाजूने पाहावयाचे आहे. त्यासाठी १८९७ या एका वर्षाशी निगडित असलेल्या काही संहिता निवडल्या आहेत. एक कायदा, एक शासकीय अहवाल, एक व्याख्यान, एक आत्मवृत्त आणि एक माफीपत्र, अशा त्या आहेत. पुण्यातील प्लेग आणि २२ जून १८९७ रोजी झालेला रँडचा वध यांच्याभोवती त्या सर्व फिरतात. त्यांपैकी आत्मवृत्ताचा लेखक दामोदर हरी चापेकर हा पवनाकाठच्या चिंचवडचा. कीर्तनकार हरिपंत चापेकरांचे घर ज्या गावात होते, ते गाव आज पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यात मोडते. चापेकरांचे नाव तेथे चौकाला आहे, वाडा स्मारक झाला आहे. स्मारके हेतू जपतात, हे आपण जाणतोच. या हेतूंचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी मात्र संहितांकडेच वळावे लागते.

२

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. त्यानंतर काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा संमत झाला. चार कलमांच्या या आखूड कायद्याने शासनाला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. त्याचे चौथे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या, किंवा सद्भावनेने करण्याचे योजलेल्या, कोणत्याही गोष्टीबद्दल कोणावरही दावा वा अन्य कायदेशीर कारवाई होऊ शकणार नाही, असा त्याचा आशय आहे. परिणाम घडण्यापूर्वीच परिणामांपासून संरक्षण देणारी ही भाषा आहे. सद्भावना येथे सिद्ध करावयाची बाब राहत नाही. अधिकाराच्या पदाबरोबर ती गृहीत धरली जाते.

मार्चमध्ये वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. आठशेहून अधिक अधिकारी आणि सैनिक घराघरांत शिरून तपासणी करू लागले. रोग्यांची रुग्णालयात आणि त्यांच्या घरच्यांची विलगीकरणाच्या छावण्यांत रवानगी, सामानाची नासधूस आणि जाळपोळ, प्रेतांची तपासणी, अंत्यविधीवर निर्बंध, असे या मोहिमेचे स्वरूप होते. बूट घातलेले सैनिक स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. स्त्रियांची तपासणी चारचौघांत झाल्याच्या तक्रारी आल्या. प्लेगचे जंतू १८९४ मध्येच ओळखले गेले होते. परंतु उंदरांवरील पिसवांमार्फत रोग माणसापर्यंत पोहोचतो हा शोध पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये लावला. म्हणजे ज्या शास्त्राच्या आधारे हे सारे चालले होते, त्याला रोगाचा प्रत्यक्ष वाहकच ठाऊक नव्हता. या अज्ञानाबद्दल रँडला दोषी धरता येणार नाही. माणसे वाचवण्याचा हेतू खोटा होता असे म्हणण्यासही आधार नाही. प्रश्न उरतो तो पुढचा. परिणामांची वार्ता कानांवर येऊ लागली, तेव्हा या हेतूने तिचे काय केले?

समितीच्या अहवालात याचे उत्तर एका क्रियाविशेषणात मिळते. स्त्रियांच्या विनयशीलतेचा हेतुपुरस्सर अवमान झाल्याची विश्वासार्ह अशी एकही तक्रार आली नाही, याबद्दल अहवालात समाधान व्यक्त केले आहे. या विधानातील ‘हेतुपुरस्सर’ आणि ‘विश्वासार्ह’ या दोन शब्दांचे कार्य बारकाईने पाहण्याजोगे आहे. अवमान झाला की नाही, हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही. अवमान करण्याचा हेतू होता काय, एवढेच विचारले जाते. आणि तो नव्हता हे सांगणाराही अवमान करणाऱ्यांच्याच बाजूचा असतो. जिच्या घरात सैनिक शिरले, तिची हकीकत विश्वासार्हतेच्या चाळणीतून पार पडली तरी हेतूच्या चाळणीत अडकते. कारण सैनिकाच्या मनात काय होते, हे तिला सिद्ध करता येणे शक्य नाही. तिला फक्त काय घडले तेवढेच सांगता येते.

येथून एक सामान्य निरीक्षण मांडता येईल. हेतू नेहमी प्रथमपुरुषात बोलतो. ‘माझा उद्देश असा होता’ हे वाक्य कर्त्यावाचून दुसऱ्या कोणालाही अधिकाराने उच्चारता येत नाही. परिणाम मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर घडतो. कर्त्याच्या निवेदनात तो ‘ती’, ‘ते’, ‘लोक’ अशा तृतीयपुरुषातच येतो. हेतू आणि परिणाम यांचा तराजू मांडण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावयास हवे की, निवेदनात त्यांना समान जागा मिळालेलीच नसते.

३

दामोदर चापेकर याचे आत्मवृत्त तुरुंगातले आहे. फाशीची शक्यता समोर असताना, पोलिसांच्या ताब्यात लिहिलेली ही संहिता सरकारी दप्तराच्या वाटेने पुढच्या वाचकांपर्यंत पोहोचली. तिच्याकडे इतिहासकारांनी साधन म्हणून आणि चरित्रकारांनी गौरवग्रंथाची सामग्री म्हणून पाहिले आहे. निवेदन म्हणून तिचे वाचन त्या मानाने कमी झाले.

निवेदन म्हणून वाचताना पहिली जाणवणारी गोष्ट म्हणजे रँडच्या वधापर्यंत येण्यापूर्वी निवेदक बराच दूरचा प्रवास करतो. वडिलांच्या कीर्तनांमागे साथ करीत हिंडण्याचे दिवस, शरीर कमावण्याचा आणि सैन्यात शिरण्याचा ध्यास, सुधारकांविषयीचा कडवा तिटकारा, नुसती भाषणे करणाऱ्या पुढाऱ्यांविषयीची तुच्छता हे सारे त्यात येते. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा प्रसंगही त्यातच आहे, आणि तो १८९६ मधला, म्हणजे पुण्यातील प्लेग समितीच्या आधीचा आहे. आत्मवृत्तावर विश्वास ठेवायचा, तर निवेदकाचा क्रोध प्लेगच्या जुलमातून जन्मलेला नाही. तो आधीपासून होता; प्लेगच्या जुलमाने त्याला लक्ष्य दिले, आणि लोकांच्या दृष्टीने समर्थनही दिले.

यावरून जुलमाचा सूड हा हेतू बनावट होता, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. माणसाच्या कृतीमागे एकच हेतू असतो ही समजूतच मुळात कच्ची आहे. धर्माचा अभिमान, सुधारकांचा द्वेष, पराक्रमाची हौस आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अपमानाची चीड हे सारे एकाच मनात एकाच वेळी नांदू शकते. आत्मवृत्ताचा आकृतिबंध मात्र अशा गुंत्याला शेवटाकडे ओढत नेतो. शेवट माहीत असलेला निवेदक मागे वळून पाहतो, तेव्हा सर्व पायवाटा त्याच एका ठिकाणी येऊन मिळालेल्या दिसतात, आणि अनेक हेतूंचा मिळून एक हेतू होतो. दामोदरच्या लेखनाचे वाङ्मयीन महत्त्व असे की, हे एकीकरण त्यात पुरतेपणी साधलेले नाही. सुधारकांवरील हल्ल्यांची हकीकत तो ज्या उत्साहाने सांगतो, तिच्यामुळे पुढच्या गौरवकथेला अडचण होते. स्मारकाला नको असलेला तपशील संहिता टिकवून धरते.

आणखी एक गोष्ट या निवेदनात सामावत नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाहून परतणाऱ्या दोन गाड्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. रँड जखमी होऊन ३ जुलैला मरण पावला. दुसऱ्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँडच्या वधाच्या समर्थनासाठी जे जे हेतू सांगितले जातात, त्यांतला एकही आयर्स्टपर्यंत सरळ पोहोचत नाही. पुढे दामोदरला १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी ठार केले. मे १८९९ मध्ये वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण हे पाच दिवसांच्या आत फासावर गेले. एका घरातले तिघे भाऊ संपले. या परिणामांच्या साखळीतील पहिले काही दुवेच आत्मवृत्ताच्या आवाक्यात येतात. उरलेले ते लिहून झाल्यानंतर घडले. प्रथमपुरुषी निवेदनाची ही मर्यादा केवळ नैतिक नाही, काळाचीही आहे. परिणाम कर्त्यापेक्षा दीर्घायुषी असतो.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. रँड आणि दामोदर यांना एका मापाने मोजण्याचा हा प्रयत्न नाही. एकाच्या हेतूमागे कायद्याचे चौथे कलम उभे होते, दुसऱ्याच्या हेतूपुढे फाशीचा दोर. सत्ताधाऱ्याच्या सद्भावनेला किंमत मोजावी लागत नाही आणि सत्ताहीनाला ती प्राणाने मोजावी लागते, हा फरक कोणत्याही विवेचनात पुसला जाता कामा नये. तरीही किंमत मोजल्याने हेतू अधिक खरा ठरतो. परिणाम त्यामुळे बदलत नाही. हौतात्म्याच्या वाङ्मयात या दोन गोष्टींची सरमिसळ वारंवार होते.

४

हेतूच्या शुद्धतेला तात्त्विक आधार देणारी भाषाही त्याच महिन्यात पुण्यात उपलब्ध होती. १२ जून १८९७ रोजी शिवाजी उत्सवातील चर्चेत टिळकांनी अफजलखानाच्या वधाचा प्रश्न घेतला आणि स्वार्थबुद्धीने नव्हे, तर परोपकारासाठी केलेल्या कृत्याचे पाप लागत नाही, अशी भूमिका मांडली. १५ जूनच्या ‘केसरी’त तिचा वृत्तान्त आला. आठवड्याने रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

त्या खटल्यात लेखनाच्या हेतूचा प्रश्न मध्यवर्ती होता, ही यातली विशेष गोष्ट. शब्दांमुळे प्रत्यक्ष काय घडले यापेक्षा लेखकाला वाचकांच्या मनात काय निर्माण करावयाचे होते, यावर निर्णय व्हावयाचा होता. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा भारतीयांनी निर्दोष. एकाच मजकुरातला हेतू वाचताना वाचक नेमका वंशाच्या रेषेवर दुभंगला. हेतू हा मजकुरात सापडतो की वाचकाकडून त्यात ठेवला जातो, या प्रश्नावर अनेक सैद्धान्तिक निबंधांपेक्षा ही सहा विरुद्ध तीन अशी विभागणी अधिक काही सांगते.

मंडालेच्या तुरुंगात लिहून झालेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी हाच विचार शास्त्रीय पातळीवर नेला. केवळ बाह्य परिणामांवरून कर्माची योग्यता ठरविणाऱ्या पाश्चात्त्य उपयुक्ततावादाचा प्रतिवाद करून त्यांनी कर्त्याच्या बुद्धीला प्राधान्य दिले. टिळकांचे म्हणणे सवंग नाही. त्यांना अभिप्रेत असलेली बुद्धी म्हणजे मनात आलेली सदिच्छा नव्हे. सर्वांभूती सम झालेली, साधनेने शुद्ध झालेली अशी ती अवस्था आहे. परंतु अशी बुद्धी आपल्या ठायी आहे, याची साक्ष कर्त्यावाचून कोण देणार, ही अडचण त्या मांडणीतही शिल्लक राहते. १९१९ च्या व्याख्यानात मॅक्स वेबरने निष्ठेची नीती आणि जबाबदारीची नीती असा भेद केला, तो याच अडचणीवर बोट ठेवण्यासाठी. आपल्या कृतीच्या अपेक्षित परिणामांचा हिशेब स्वतः देणे, हे तो राजकारणात शिरणाऱ्याचे कर्तव्य मानतो.

असा हिशेब देण्याचा त्या वर्षीचा एक प्रयत्न गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावावर आहे. वेल्बी आयोगापुढील साक्षीसाठी ते इंग्लंडमध्ये असताना पुण्यातून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे वृत्तपत्रातून सांगितले. परतल्यावर हे आरोप सिद्ध करता येईनात. माहिती देणाऱ्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत. ऑगस्ट १८९७ मध्ये जाहीर माफी मात्र मागितली. पीडितांची बाजू मांडण्याचा त्यांचा हेतू निःसंशय चांगला होता. ‘माझा हेतू चांगला होता’ एवढ्यावर ते थांबले नाहीत आणि आपल्या शब्दांमुळे ज्यांच्यावर आळ आला त्यांच्यासमोर उत्तरदायी झाले, म्हणून ही संहिता इतरांहून वेगळी पडते. स्वकीयांनी त्यांना भ्याड ठरवले. ती टीका अन्यायाची होती. पण माफीलाही तिचे परिणाम असतात. सिद्ध न झालेल्या दोन आरोपांबरोबर, न्यायालयात पोहोचूच न शकणाऱ्या अनेक तक्रारींवरही या माफीने पडदा टाकण्याची सोय करून दिली. जबाबदारीच्या नीतीनेही तृतीयपुरुषातील स्त्रीला बोलते केले नाही.

तिच्या जवळ जाणारा आवाज आपल्याला पंडिता रमाबाईंच्या त्या काळातील पत्रात मिळतो. प्लेगच्या व्यवस्थेत एका मुलीची झालेली परवड त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’कडे लिहून कळवली. प्लेगविरोधी उपाय करणाऱ्यांच्या हेतूंची छाननी करण्यात त्यांचा वेळ गेला नाही. मुलीला कोठे नेले आणि तिच्यावर काय ओढवले, या बाजूने त्यांनी प्रश्नाला हात घातला. या सर्व कागदपत्रांत परिणामाच्या बाजूने सुरुवात करणारा हा मजकूर आहे, आणि तो एका स्त्रीचा आहे, हे आकस्मिक नसावे.

५

दस्तऐवजांत जे सहसा घडत नाही, ते कल्पित साहित्यात घडवता येते. विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) या संदर्भात आठवणे क्रमप्राप्त आहे. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर आपली मुलगी ज्योती आणि दलित कवी अरुण आठवले यांच्या विवाहाचा पुरस्कार करतात. जातिनिर्मूलनाचा ध्येयवाद घरापासून सुरू व्हावा, हा त्यांचा हेतू. लग्नानंतर ज्योतीच्या वाट्याला मारहाण येते. मुलीच्या काळजीपोटी नाथ मनाविरुद्ध अरुणच्या आत्मचरित्राची जाहीर स्तुती करतात. त्यानंतर ज्योती वडिलांसमोर उभी राहून त्यांच्या भाषणाचा, आणि त्यामागच्या सगळ्या संस्कारांचाच, जाब विचारते.

नाटक या साहित्यप्रकाराचे सामर्थ्य येथे दिसते. रंगभूमीवर प्रत्येक पात्र प्रथमपुरुषातच बोलते. नाथांच्या हेतूचा परिणाम असलेली ज्योती त्यांच्या निवेदनातली ‘ती’ राहत नाही. ती ‘मी’ म्हणून त्यांना उत्तर देते. शिवाय तिचे उत्तर अनपेक्षित असते. ती परत येत नाही. वडिलांनी शिकवले ते पोकळ होते असे म्हणत असतानाच, त्याच शिकवणुकीने बांधली जाऊन ती अरुणकडे जाते. हेतू वाईट परिणामामुळे रद्द झाला, असे म्हणता येत नाही आणि तो परिणामातून निर्दोष सुटला, असेही म्हणता येत नाही.

पण याच निकषाने ‘कन्यादान’ची मर्यादाही दाखवता येते. नाटकातील अरुण हा आत्मचरित्रकार आहे, आणि त्याच्या पुस्तकाविषयी इतरांनी केलेली चर्चाच प्रेक्षकांपर्यंत पोहोचते. ज्याच्याजवळ लिहून काढलेला प्रथमपुरुष आहे, त्याचे लेखन नाटकात केवळ विषय म्हणून येते. दलित वाचकांनी आणि समीक्षकांनी या नाटकाबद्दल तीव्र आक्षेप नोंदवले, त्याचे एक कारण येथे असावे. या आक्षेपांना तेंडुलकरांच्या हेतूचा हवाला देऊन उत्तर देणे, म्हणजे नाथांच्याच जागी जाऊन उभे राहणे होय. नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला, यानेही त्या आक्षेपाचे निराकरण होत नाही. नाटकाने नाथांना जो प्रश्न विचारला, तोच नाटकालाही विचारला जाऊ शकतो. आणि तो विचारता यावा इतके ते नाटक प्रामाणिक आहे, ही त्याची थोरवी.

६

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच कायदा पुन्हा हाती घेतला. देशव्यापी टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली झाली. त्यातही सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारे कलम आहे. भोसरी, चिंचवड, चाकण येथील कारखाने थांबले. भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय आणि मराठवाडा-विदर्भातले कामगार गावाकडची वाट धरू लागले. साथ रोखण्याच्या हेतूविषयी या वेळीही शंका घेण्याचे कारण नव्हते, आणि आरोग्यसेवकांनी त्यासाठी प्राणही वेचले. तथापि रस्त्यावरचा कामगार आदेशांच्या आणि निवेदनांच्या भाषेत पुन्हा एकदा तृतीयपुरुषी, अनेकवचनी होता. १८९७ आणि २०२० यांत राज्यकर्ते, शास्त्र आणि नागरिकांचे हक्क या सर्व बाबतींत मोठे अंतर आहे. निवेदनाचे व्याकरण मात्र ओळखीचे वाटते.

तेव्हा चांगल्या हेतूला किंमत आहे काय? आहे. हेतू आणि योगायोग यांत, अज्ञान आणि दुष्टावा यांत भेद न करणारा न्याय आंधळा होईल. रँडचे अज्ञान क्षम्य आहे, असे आपण म्हणतो ते हेतूचा विचार करूनच. परंतु हेतूची किंमत त्याच्या उगमाशी ठरवण्याचा आपला परिपाठ सदोष आहे. कृतीच्या आरंभी जवळजवळ प्रत्येक हेतू कर्त्याला चांगलाच दिसतो. तेथे परीक्षा होऊ शकत नाही. परिणामाची वार्ता येते त्या क्षणी हेतूची परीक्षा होते. ती वार्ता ‘हेतुपुरस्सर नव्हते’ म्हणून नोंदवहीबाहेर ठेवली, तर आरंभीचा हेतू कितीही निर्मळ असो, त्या क्षणापासून तो वेगळा होतो. आता तो स्वतःच्या बचावाचा हेतू असतो.

समीक्षकाच्या वाट्याला येणारे काम यातून स्पष्ट होते. लेखकाच्या मनात शिरून त्याचा हेतू शोधणे त्याला शक्य नाही, हे विम्सॅट-बिअर्डस्ली यांचे म्हणणे मान्यच आहे. परंतु संहितेत कोण ‘मी’ म्हणून बोलतो, कोणाला ‘ती’ आणि ‘ते’ करून ठेवले आहे, आणि कोणत्या एका क्रियाविशेषणाच्या आड कोणाची तक्रार गडप झाली आहे, हे त्याला दाखवता येते. चिंचवडच्या चौकातून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना दामोदर चापेकरांचे आत्मवृत्त गौरवासाठी किंवा धिक्कारासाठी वाचावयास सांगण्यापेक्षा, ते प्लेग समितीच्या अहवालाशेजारी आणि रमाबाईंच्या पत्राशेजारी ठेवून वाचावयास सांगणे अधिक उपयोगाचे आहे. या तीन संहिता एकत्र ठेवल्या की त्यांच्या मधल्या जागेत एक चौथी, न लिहिली गेलेली संहिता जाणवू लागते. जिच्या घरात सैनिक शिरले, तिची ती हकीकत आहे. ती आपल्याला कधीच मिळणार नाही. तिची उणीव जाणवत ठेवूनच बाकीच्या तीन वाचल्या पाहिजेत.